ग्रंथालयात नोकरी लागली आणि वाचनच सुटलं: काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय तेवीस, मराठी घेऊन बी.ए., राहायला विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, शाळेपासून पुस्तकवेडा. दादर भागातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात सहायक म्हणून नुकतीच नोकरी लागली आहे. दिवसभर काउंटरवर देवघेव, पुस्तकं जागेवर लावणं, वर्गणीच्या पावत्या फाडणं. रात्री घरी पुस्तक उघडलं की दोन पानांत डोळे मिटतात. नोकरी लागल्यापासून एकही पुस्तक धड पूर्ण झालेलं नाही. घरचे म्हणतात, बसून पगार मिळतोय, आणखी काय हवं? पगारही बेताचाच. ‘पुस्तकांच्या प्रेमापायी मी चुकीच्या ठिकाणी आलो का? बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करू की सोडून देऊ?’

सोडू नकोस. निदान दिवाळी अंकांचा हंगाम संपेपर्यंत तरी नाहीच. त्याचं कारण पुढे येईल.

आधी वाचनाचं दुखणं. ग्रंथालयात नोकरी म्हणजे दिवसभर वाचन, ही समजूत काउंटरच्या पलीकडच्या माणसांची. माझी सगळी नोकरी मुंबईतल्या ग्रंथालयांत गेली, आधी सार्वजनिक आणि मग कॉलेजच्या. कामाच्या वेळात कादंबरी वाचत बसलेला कर्मचारी मला जेव्हा जेव्हा दिसला, तेव्हा तेव्हा त्याच्यासमोर एखादा वाचक अवघडून उभा असलेलाही दिसला. तेव्हा कामावर वाचायला मिळत नाही ही तक्रार तू मनातून काढून टाक. घरीही वाचन होत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. तिच्याकडे नंतर येते.

ज्यांना आपण भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतो, ते डॉ. रंगनाथन या नोकरीला पहिल्या काही दिवसांतच विटले होते, हे तुला कदाचित कोणी सांगितलं नसेल. ते गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि लगेच ‘मला परत शिकवायला पाठवा’ म्हणून मागे लागले. वरिष्ठांनी सांगितलं, आधी लंडनला जाऊन ग्रंथालयाचं शिक्षण घेऊन या, मग बोलू. तिथे त्यांनी सगळ्या थरांतली माणसं ग्रंथालयात येताना आणि ग्रंथालय त्यांच्यासाठी राबताना पाहिली. परत आल्यावर शिकवायला जायचं नाव काढलं नाही. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली, ती परीक्षेसाठी तू पाठ करशीलच. त्यातली दोनच आत्ता धर: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. या दोन्ही वाक्यांत ग्रंथपालाला आवडणारं पुस्तक कुठेच नाही. तुझी तगमग नेमकी तिथली आहे. आजवर तू स्वतःसाठी वाचलंस, आता दुसऱ्यासाठी पुस्तकं ओळखायची आहेत. हे वाचन वेगळं आहे आणि ते कामाच्या वेळातच होतं.

ते कसं करायचं? परत आलेल्या पुस्तकांचा ढीग जागेवर लावायचं काम तुला कंटाळवाणं वाटतं. माझ्या मते अख्ख्या ग्रंथालयात त्याहून शिकवणारं काम नाही. कपाटात बसलेली पुस्तकं समितीनं निवडलेली असतात, ढिगातली वाचकांनी. लावायच्या आधी रोज त्यातली चार-पाच बाजूला काढ. शीर्षकपानाच्या मागची बाजू बघ, म्हणजे आवृत्ती आणि साल कळेल. अनुक्रमणिकेवरून नजर फिरव. प्रस्तावनेची पहिली दोन पानं वाच आणि मधलं कुठलंही एक पान वाच, तिथे लेखकाची खरी भाषा सापडते. मलपृष्ठावर फार विश्वास ठेवू नकोस, तो मजकूर विक्रीसाठी लिहिलेला असतो. शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी असेल तर तीही वाच. दहा वर्षांत दोनदाच बाहेर गेलेलं पुस्तक परवा अचानक गेलं असेल, तर ते कोणी नेलं आणि का, याचं कुतूहल तुला वाटायला हवं. एक छोटी वही कर. तिच्यात पुस्तकाचा सारांश लिहू नकोस. ते कोणाला देता येईल, एवढंच लिही.

ही वही काउंटरवर उपयोगी पडते, कारण वाचक क्वचितच नाव घेऊन पुस्तक मागतो. ‘ते निळ्या कव्हरचं, मागच्या महिन्यात इथेच होतं.’ ‘आईसाठी काहीतरी द्या, पण रडकं नको.’ ‘मुलगा वाचतच नाही, त्याला काय देऊ?’ अशा वेळी लगेच स्वतःचं लाडकं पुस्तक पुढे करण्याचा मोह होतो. पुस्तकवेड्या माणसांना तो जास्तच होतो. त्याऐवजी विचार: शेवटचं आवडलेलं पुस्तक कोणतं? आणि अर्धवट सोडलेलं कोणतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त कामाचं. आजींना सहाशे पानांचा चरित्रग्रंथ आवडेलही, पण त्या पलंगावर आडव्या पडून वाचत असतील तर तो त्यांच्या मनगटांना पेलणार नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर लोक बारीक टाइपाचं पुस्तक न वाचता परत करतात आणि वर ‘छान होतं’ म्हणतात. पुस्तकाचं वजन आणि टाइपाचा आकार हीसुद्धा पुस्तकाची माहितीच आहे.

आणखी एक, आणि इथे मी फार कडक आहे. ‘ते पुस्तक सध्या कोणाकडे आहे?’ असं कोणी विचारलं तर नाव सांगायचं नाही. समोरचा कितीही ओळखीचा असो आणि पुस्तक कितीही साधं असो. ‘बाहेर गेलंय, आलं की तुमच्यासाठी राखून ठेवतो,’ इतकंच. आपल्या वस्तीतल्या ग्रंथालयात सगळे सगळ्यांना ओळखतात. घटस्फोटाच्या कायद्यावरचं किंवा एखाद्या आजारावरचं पुस्तक कोणी नेलं, हे दुसऱ्या दिवशी चाळभर होऊ शकतं. कोण काय वाचतो यावर काउंटरवर शेरेबाजीही नको. रहस्यकथा नेणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकांना हसू नये.

मांडणीबद्दल. चुकीच्या जागी लावलेलं पुस्तक आणि हरवलेलं पुस्तक यांत वाचकाच्या दृष्टीनं काही फरक नाही. तुमच्याकडे ड्युई दशांश पद्धत, म्हणजे विषयाला आकडा देऊन त्या क्रमानं पुस्तकं लावायची पद्धत, असेल तर मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६, त्यात कवितेला ८९१.४६१ आणि कादंबरी-कथेला ८९१.४६३. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या वाचनालयांत मात्र अजून अक्षर आणि अनुक्रमांक अशी घरगुती पद्धत चालते. तिला नावं ठेवू नकोस, आधी शिकून घे. ती बसवणाऱ्यानं आपल्या वाचकांचा विचार केलेला असतो.

खरी गंमत नावांची. राम गणेश गडकरी नाटकं स्वतःच्या नावानं लिहीत, कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून आणि विनोद ‘बाळकराम’ म्हणून. शिरवाडकरांची नाटकं एका नावानं आणि कविता ‘कुसुमाग्रज’ या नावानं. मग हे लेखक एकाच जागी ठेवायचे की वेगवेगळ्या? कुठल्याही बाजूनं निर्णय घेता येतो, पण तो एकदाच घ्यायचा आणि तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीत, दुसऱ्या नावाखाली ‘अमुक पाहा’ अशी नोंद ठेवायची. संगणकावर हा घोळ आणखी वाढतो. एकच लेखक कोणी ‘पु. ल. देशपांडे’, कोणी ‘देशपांडे पु.ल.’, तर कोणी टिंबाशिवाय टाकलेला असतो, आणि संगणकाच्या लेखी ते तीन लेखक होतात. शिवाय ‘ळ’. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो, युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरच्या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेताच्या, क्रमात ‘ल’च्या पाठोपाठ. त्यामुळे नुसत्या संगणकी क्रमानं काढलेली यादी फळीवरच्या क्रमाशी जुळत नाही आणि नवा माणूस गोंधळतो. पूर्वी श्रीलिपीसारख्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोंदी तर युनिकोडमध्ये शोधल्या की सापडतच नाहीत. तुझ्या ग्रंथालयात असं काही असेल तर रोज थोड्या नोंदी दुरुस्त करायचं काम मागून घे. कोणालाच ते नको असतं आणि ते करणारा वर्षभरात सगळा संग्रह ओळखू लागतो.

आता दिवाळी अंक. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा धरली जाते. बहुतेक मराठी वाचनालयांची वेगळी दिवाळी अंक योजना असते: ठरावीक रक्कम भरा आणि पुढचे काही महिने अंक आळीपाळीनं न्या. या योजनेत तुला तुझ्या वाचकांचा असा चेहरा दिसेल जो एरवी दिसत नाही. एरवी वर्षभर न फिरकलेले सभासद हजर होतात. ठरावीक चार-पाच अंकांसाठी रांग लागते, राखून ठेवण्यावरून रुसवेफुगवे होतात आणि ‘मागच्या वर्षीही मला तो शेवटी मिळाला’ हे वर्षभर जपलेलं दुःख काउंटरवर बाहेर येतं. अंक आले की त्याच दिवशी दाखल करायचे, शिक्के मारायचे, प्लॅस्टिकचं कव्हर घालायचं. पिनांवर शिवलेले अंक मधोमध दोऱ्यानं टाचून घे, नाहीतर तिसऱ्या वाचकाकडून मधली पानं सुटून येतात. किती प्रती कशाच्या घ्यायच्या हा निर्णय मागच्या वर्षीच्या मागणीवरून व्हायला हवा. तो बऱ्याचदा समितीतल्या कोणाच्या तरी आवडीवरून होतो. तू यंदा मागणीची नोंद ठेव. पुढच्या वर्षी बैठकीत तुझं ऐकतील. हंगाम संपेपर्यंत थांब म्हणाले ते यासाठीच. त्या गर्दीत मजा आली तर हे काम तुझं आहे. नुसता वैताग आला तर शांतपणे दुसरी नोकरी शोध, त्यात कमीपणा नाही.

तुझ्यासारख्या पुस्तकवेड्याला सगळ्यात जड जाणारं काम म्हणजे पुस्तकं बाद करणं. जागा संपते, मुंबईत तर लवकरच संपते, आणि दर वर्षी नवीन पुस्तकं यायचीच असतात. जुन्या अभ्यासक्रमांची गाइडं, कालबाह्य करकायदा, एकाच कादंबरीच्या चार फाटक्या प्रती हे समितीचा ठराव करून, दाखल नोंदवहीत ‘बाद’ लिहून काढून टाकावंच लागतं. त्याबद्दल हळहळू नये. पण रद्दीवाला येण्याआधी एक चाळणी तू लाव. पुस्तक जुनं असेल तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची उघडून बघ. पहिला खंड १८०० ते १९३७, दुसरा १९५०पर्यंतचा. तिथे नोंद सापडली की पुस्तकाची ओळख पटते. नोंद नसेल तर ते मुळीच हातचं सोडू नये. अशा वेळी मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या, १८९८ पासून चालत आलेल्या संस्थेच्या संदर्भ विभागात विचारावं.

याच्याच जोडीनं येतं देणगीचं प्रकरण, आणि हे खास आपल्या शहराचं आहे. गिरगाव, परळ, लालबाग, आता तुमच्या कन्नमवार नगरातही इमारती पुनर्विकासाला जातात. घर रिकामं करताना वडिलांची किंवा आजोबांची पुस्तकं पोत्यात भरून लोक ग्रंथालयाच्या दारात आणून ठेवतात. बहुतेक वेळा तीच ती पुस्तकं असतात, जी तुमच्याकडे आधीच तीन-तीन आहेत. ‘आम्ही निवडून घेऊ, उरलेली योग्य ठिकाणी देऊ’ हे आणणाऱ्याला तिथल्या तिथे नम्रपणे सांगायचं, नंतर नाही. पण पोतं तळापर्यंत बघायचं. खाली कुठेतरी गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका असते, एखाद्या गिरणीच्या कामगारांनी बसवलेल्या नाटकाची कार्यक्रमपत्रिका, १९८२च्या संपातलं पत्रक, बंद पडलेल्या शाळेचं वार्षिक. हे छापणाऱ्यानं ते कुठल्याही ग्रंथालयाला पाठवलेलं नसतं. १९५४च्या कायद्यानं प्रकाशकांनी पुस्तकांच्या प्रती ज्या चार ग्रंथालयांना द्यायच्या, त्यांतलं एक इथे मुंबईत आहे, राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. पण असले कागद तिथेही पोचत नाहीत. गिरणगावावर पुढे अभ्यास करायला येणाऱ्या माणसाला नेमके तेच हवे असतात. वेगळा खोका कर, वरती कोणाच्या घरून, कुठल्या इमारतीतून, कधी आले ते लिहून ठेव. पुस्तकांवर प्रेम आहे म्हणतोस ना, मग हे कागद ओळखायची नजर तयार कर.

पावसाळ्याबद्दल पटकन सांगते. पुस्तकं फळीवर ठासून भरू नयेत, भिंतीला टेकवू नयेत. जून ते सप्टेंबर सगळ्यात खालची फळी रिकामी ठेवता आली तर उत्तम. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, म्हणून ‘आमच्याकडे पाणी येत नाही’ असं कोणी सांगितलं तरी विसंबून राहू नकोस. पुस्तक भिजलं तर उन्हात ठेवू नकोस. पानांमध्ये टिपकागद घालून पंख्याखाली ठेव आणि कागद बदलत राहा. आणि फाटक्या पानाला सेलोटेप कधीही लावू नकोस. काही वर्षांत टेप गळून पडते आणि पिवळा चिकट डाग राहतो.

अभ्यासिकेत बसणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांबद्दल तू थोडं तुटक लिहिलं आहेस, की ती पुस्तकांना हात लावत नाहीत, फक्त पंखा आणि प्लग यांवरून भांडतात. दहा बाय दहाच्या घरात पाच माणसं असली की शांत खुर्ची हीच मोठी गोष्ट असते. तुला हे मी सांगायला नको.

आता तुझं स्वतःचं वाचन. सकाळच्या विक्रोळी-दादर प्रवासात पुस्तक उघडायला कोपर हलवायची सोय नसते, त्यामुळे तो वेळ सोडून दे. संध्याकाळी मात्र दादरहून परतताना एखादी धिमी गाडी सोड, पुढची पकड आणि उभ्याउभ्या का होईना, वाच. बरोबर ठेवायचं पुस्तक बारीक चणीचं आणि शक्यतो तुझ्या ग्रंथालयाबाहेरचं असावं. कामाच्या ठिकाणचं पुस्तक हातात असलं की डोकं आपोआप त्याची पाठ उसवलीय का ते बघू लागतं. घरी झोप येते तर येऊ दे, काउंटरवर आठ तास उभं राहून माणूस थकतो. लांबलचक कादंबरीऐवजी सध्या कथा, ललित लेख, कविता वाच. सुट्टीच्या दिवशी अधूनमधून दुसऱ्या ग्रंथालयात साधा वाचक म्हणून जाऊन बस. काळा घोड्याचं डेव्हिड ससून ग्रंथालय आहे, १८७०च्या इमारतीतलं, मागे बाग असलेलं. एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलच्या पायऱ्या चढून बघ. ती संस्था १८०४ची. परत येताना फाउंटनच्या जुन्या पुस्तकांच्या ठेल्यांवर घुटमळ. काउंटरच्या या बाजूला उभं राहिलं की कर्मचारी मान वर न करता बोलला तर कसं वाटतं, तेही कळतं. घरच्यांच्या ‘बसून पगार’ला उत्तर देत बसू नकोस. एकदा साठा पडताळणीच्या, म्हणजे सगळी पुस्तकं नोंदवहीशी ताडून बघायच्या, दिवशी वडिलांना ग्रंथालयात बोलाव.

पगाराबद्दल मी गोड बोलणार नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान येतं. कर्मचाऱ्यांचा पगार बराचसा त्यावर अवलंबून असतो, आणि सहायकाच्या पगारावर मुंबईत संसार चालवणं अवघड आहे. म्हणून बी.लिब. कर, पण नोकरी करता करता. पदवीनंतर एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. मुंबई विद्यापीठात होतो, आणि नोकरी सांभाळून करायचा तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पर्याय आहे. वर्गीकरण आणि तालिकीकरण वर्गात शिकताना तुझ्या डोळ्यांसमोर खरी कपाटं असतील, हा मोठा फायदा. कॉलेजचा ग्रंथपाल व्हायचं तर पुढे एम.लिब. किमान ५५ टक्क्यांनी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागेल. कॉलेजांखेरीज मुंबईत संशोधन संस्था, बँका, वृत्तपत्रं, रुग्णालयं, वकिलांच्या मोठ्या कचेऱ्या इथेही प्रशिक्षित ग्रंथपाल लागतात, आणि तिथे इंग्रजीबरोबर संगणकावरची हातोटी विचारतात. कोहा ही मोफत ग्रंथालय प्रणाली घरच्या लॅपटॉपवर बसवून हात साफ करून घे.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. पुढे कुठेही अर्ज केलास तर अनुभवाचं प्रमाणपत्र मागतील, आणि छोट्या संस्थांत तोंडी नेमणुका सर्रास होतात. तुझ्या हातात लेखी नियुक्तीपत्र आहे का? त्यावर पद आणि रुजू झाल्याची तारीख आहे का? नसेल तर या आठवड्यात कार्यवाहांना साधा अर्ज देऊन ते मागून घे, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नकोस.